हिंदुराव आवडतो, हीच अडचण

‘सामना’ पाहताना हिंदुराव धोंडे पाटील आपल्याला आवडू लागतो, हे आधी मान्य करू. निळू फुल्यांचं ते ऐसपैस बसणं, बेरकी हसणं, मध्येच थांबून समोरच्याला जोखणं. आज त्याचं रील केलं तर लाखभर लाइक्स सहज पडतील. साखर कारखाना त्याचा, गावही जणू त्याचंच. आणि ‘माणूस काम करतो’ हे खोटंही नाही.

विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. पटकथेची खरी ताकद इथे आहे, की नेत्याची कामं खरी आहेत. फक्त त्या कामांच्या यादीत मारुती कांबळे नाही. या माजी सैनिकाचं पुढे काय झालं, एवढंच श्रीराम लागूंचा मास्तर विचारत राहतो.

आणि विचारायला निवडलाय कोण? दारूत बुडालेला, फाटका, जुना गांधीवादी. आपण त्याला हसतो. (सभेत उभं राहून प्रश्न विचारणाऱ्यालाही लोक असेच हसतात.) पण पाटलाचा पाहुणचार घेऊनही तो प्रश्न सोडत नाही. पाटलाचा रुबाब उतरत जातो तो कुणाच्या भाषणाने नाही, या एका चौकशीने.

‘एवढं केलंय, मग एखादी गोष्ट इकडेतिकडे चालायचीच’ हा हिशेब आपण आजही मांडतो. त्यात मारुती कांबळे कुठल्या रकान्यात लिहायचा?