‘रेड’: एका सुरावर तोललेला अल्बम

‘रेड’ दुकानात आला ६ ऑक्टोबर १९७४ रोजी, आणि तोवर तो वाजवणारा बँडच उरला नव्हता. किंग क्रिमझनचा म्होरक्या रॉबर्ट फ्रिप यानं सप्टेंबरच्या अखेरीस बँड मोडल्याचं जाहीर करून टाकलं होतं. त्यामुळे नव्या अल्बमच्या दौऱ्याचा प्रश्नच मिटला. ब्रिटनच्या यादीत ‘रेड’ जेमतेम ४५व्या क्रमांकाला शिवला आणि आठवड्याभरात बाहेर फेकला गेला. तरीही हेवी प्रोग्रेसिव्ह रॉकमधला एकच अल्बम सुचवा असं कुणी म्हटलं, तर मी हाच पुढे करतो.

प्रोग्रेसिव्ह रॉकवर फापटपसाऱ्याचा आरोप नेहमीचा आहे, आणि पुष्कळदा तो खराही असतो. कीबोर्डांचे मनोरे, प्रत्येकाला स्वतंत्र करामतीची संधी, कथानकं, झगे. ‘रेड’मध्ये यातलं जवळपास काहीच नाही. मुळात माणसंच तीन: गिटार आणि मेलोट्रॉनवर फ्रिप, बास आणि गायनाला जॉन वेटन, ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड. व्हायोलिनवादक डेव्हिड क्रॉस अमेरिकेच्या दौऱ्यानंतर बाहेर पडला होता. जुलै-ऑगस्टमध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू असताना फ्रिपनं आपलं मत द्यायचंच नाही असं ठरवलं, आणि सूत्रं बरीचशी वेटन-ब्रुफर्डकडे गेली. ते ऐकताना कळतं. बास इथे गिटारच्या मागे उभा राहत नाही. तो खरखरीत, फुगलेल्या आवाजात थेट पुढ्यात येतो.

पहिली रचना ‘रेड’. शब्द नाहीत. गिटारचे थर एकावर एक चढवलेले, आणि धून पायरी-पायरीनं वर जाते, पण कुठेही पोचल्याचं समाधान देत नाही. फ्रिपला इथे सोलो वाजवायचा मोह झालेला नाही, हे विशेष. सहा मिनिटं तो एकाच विचाराला धरून बसतो. मध्ये चेलोचा काळवंडलेला तुकडा येतो आणि पुन्हा तीच चढण. पुढे मेटलवाल्यांनी या रचनेतून काय काय उचललं, ते त्यांच्या रेकॉर्ड ऐकून ज्यानं त्यानं ताडावं.

‘फॉलन एंजल’ हे त्या मानानं सरळ गाणं आहे: न्यूयॉर्कच्या रस्त्यावर धाकटा भाऊ गमावलेल्या माणसाचं. पाहुण्या वादकांपैकी रॉबिन मिलरचा ओबो त्याला हळवं करतो, मार्क शारिगचा कॉर्नेट बोचरं. ‘वन मोअर रेड नाइटमेअर’मध्ये विमान कोसळण्याचं स्वप्न आहे, पण माझा कान शब्दांपेक्षा ब्रुफर्डच्या झांजेकडेच जातो. तालमीच्या जागी कचऱ्यात सापडलेली वाकडीतिकडी झांज त्यानं इथे वापरली. फुटक्या पत्र्यावर दगड मारावा तसा तिचा आवाज आहे, आणि ती नेमकी अशा जागी पडते की गाण्याचा तोल क्षणभर जातो. महागड्या झांजेला हे जमलं नसतं.

‘प्रॉव्हिडन्स’बद्दल मात्र माझं मत जरा वाकडं आहे. ३० जून १९७४ला अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात मंचावर उत्स्फूर्त वाजवलेला हा तुकडा. त्यात क्रॉसचं व्हायोलिन चाचपडत सुरू होतं. शेवटची दोन-तीन मिनिटं बास आणि ड्रम्स पकड घेतात तेव्हा मजा येते. पण आठ मिनिटांतली निम्मी वाट पाहण्यात जातात. चाहते रागावतील, रागावू देत.

आणि मग ‘स्टारलेस’, बारा मिनिटांहून थोडी अधिक. हे गाणं मूळ वेटनचं. आधी ते बाकीच्यांना पटलं नव्हतं. बँडच्या आधीच्या, मार्च १९७४च्या अल्बममध्ये ते घेतलं गेलं नाही. नंतर ब्रुफर्डनं सुचवलेला बासचा एक तुकडा त्याला जोडला आणि गाण्याचं नशीब पालटलं.

सुरुवात मेलोट्रॉननं. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीमागे खऱ्या वाद्यांच्या आवाजाची टेप असते. त्यामुळे व्हायोलिनं ऐकू येतात, पण जराशी थरथरलेली, शिळी. त्यावर गिटारची लांबट, उदास धून आणि वेटनचा भरदार आवाज. चार-साडेचार मिनिटांत गाणं गाऊन संपतं.

खरी गोष्ट त्यानंतरची. तेरा मात्रांचं बासचं आवर्तन सुरू होतं. चार-चारच्या हिशोबाला सरावलेला पाय दरवेळी एका मात्रेनं फसतो. त्यावर फ्रिप काय वाजवतो? एक सूर. तोच, तुटक, पुन्हा पुन्हा. मग किंचित वरचा. पुन्हा तोच. ब्रुफर्ड सुरुवातीला नुसती लाकडी टकटक, एखादी किणकिण करतो. ड्रम्स पुरते उतरायला बराच वेळ घेतो. चार मिनिटांच्या आसपास हे चालतं, आणि सूर इतक्या कमी अंतरानं चढतो की कधी चढला ते कळत नाही; कळतं ते आपले दात आवळले गेल्यावर. ज्याच्या बोटांत हवी तेवढी गती आहे अशा वादकानं ती खिशात ठेवायची, याला हिंमत लागते. विलंबित बढत ऐकणाऱ्या मराठी कानाला हा संयम परका वाटू नये.

बांध फुटतो तेव्हा लय दुप्पट होते आणि सॅक्सोफोन तुटून पडतात: मेल कॉलिन्स आणि १९६९च्या मूळ संचातला इयन मॅकडोनल्ड. अगदी शेवटी गिटारची पहिली उदास धून सॅक्सोफोन पूर्ण ताकदीनं उचलतो. धून तीच, पण आता तिच्यामागे बारा मिनिटं साचलेली आहेत. म्हणूनच ती इतकी जड लागते.

त्यामुळे एक विनंती. यादीतून एकटं ‘स्टारलेस’ उचलू नका, आणि मधला भाग ढकलून शेवटाकडे तर अजिबात जाऊ नका. चाळीस मिनिटांचा अल्बम आहे; ‘प्रॉव्हिडन्स’सकट सलग ऐका.