हात न लावणारा कॅमेरा

अंदमानातल्या हॅवलॉकला डायव्हिंग शिकवणारे आधी कंबरभर पाण्यात उभं करतात आणि दोन गोष्टी सांगतात. श्वास कधीही रोखायचा नाही. आणि कशालाही हात लावायचा नाही. (२०१८ साली बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं, पण डायव्हिंगवाल्यांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे.) पहिली गोष्ट तासाभरात अंगवळणी पडते. दुसरी पुष्कळांना चार-चार सुट्ट्या घालवूनही जमत नाही. पाण्याखाली वस्तू आहे त्यापेक्षा जवळ आणि मोठी दिसते, म्हणून हात नकळत पुढे जातो. मग प्रशिक्षक हाताची घडी घालायला लावतो, बालवाडीतल्यासारखी.

झाक कूस्तो आणि लुई माल यांचा ‘ल माँद द्यु सिलाँस’ पुन्हा पाहिला तेव्हा ती घडी सारखी आठवत होती. इंग्रजीत ‘द सायलेंट वर्ल्ड’, आपल्याकडे म्हणायचं तर निःशब्द जग. ८६ मिनिटांच्या या रंगीत माहितीपटाला १९५६ साली कान महोत्सवात पाम दोर मिळालं. माहितीपटाला तो मान पुन्हा मिळायला २००४ उजाडलं. त्याच १९५६च्या महोत्सवात ‘पथेर पांचाली’लाही ‘मानवी दस्तऐवज’ म्हणून पारितोषिक होतं. दोन्हींत कॅमेऱ्याला कुठे पोचायची घाई नाही, एवढ्या एका नात्याने ते माझ्या मनात शेजारी बसलेले आहेत.

पहिलं दृश्य निळ्या अंधारात उघडतं. माणसं खाली उतरतायत, हातात जळत्या मशाली. पाण्यात मशाल! मशालींतून बुडबुड्यांचे पांढरे लोट उठतात, माणसं तिरकी होऊन खोल सरकत जातात, आणि क्षणभर वाटतं, ही उतरत नसून कुठल्याशा मिरवणुकीला निघालीत. पाठीवरच्या टाकीतून हवी तेव्हा, हवी तेवढीच हवा तोंडाशी देणारं उपकरण कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलं. त्याआधीचा पाणबुड्या बहुधा पितळी शिरस्त्राण आणि शिशाचे बूट घालून, वरून आलेल्या नळीला बांधलेला, तळावर चालायचा. इथे माणूस चालत नाही, तरंगतो. दिग्दर्शकांना हे नवल शब्दांत सांगायची गरज नव्हती, निवेदन तरी सांगतं. ते सोडून द्यावं आणि पाहावं.

मग दिवे येतात. लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरांतच विझतो. जरा खोल गेलं की सगळं निळं-करडं. प्रखर दिवा पडताच प्रवाळाची भिंत एकदम पेटते. हा चमत्कार आजही तसाच आहे. हॅवलॉकला माझ्या पुढ्यात एक समुद्रपंखा होता, गाळात बुडवून काढलेल्या जाळीसारखा मळकट. गाइडने मुठीएवढा टॉर्च त्याच्यावर धरला आणि तो कुंकवासारखा लाल झाला. टॉर्च हलला, पुन्हा मळकट. तो रंग आपण नसताना तिथे कुणासाठी असतो, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही, पण दृश्य तेवढा वेळ थांबतं की तो आपल्याला सुचावा.

या चित्रपटातली खरी डौलदार गोष्ट कुठली म्हणाल, तर ही थांबण्याची कला. डायव्हरची खरी पारख खोलीवर होत नाही, बॉयन्सीवर होते: वर जायचं नाही, खाली बसायचं नाही, जिथे आहोत तिथे लटकून राहायचं. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. पोहायचं फुप्फुसांनी, हातांना काम नाही. मला वाटतं, या चित्रपटातला सर्वांत चांगला डायव्हर कॅमेरा आहे. तो कशालाही धक्का देत नाही. पुढे जाताना गाळ उडवत नाही.

माणसांचं मात्र उलट. ती हातोड्याने प्रवाळ फोडतात. महाकाय कासवांवर बसतात. कुठले मासे किती आहेत याची शास्त्रीय गणती हवी म्हणून प्रवाळात डायनामाइट उडवतात आणि मेलेले मासे गोळा करतात. त्यांच्या ‘कॅलिप्सो’ जहाजाच्या पंख्यात देवमाशाचं पिल्लू सापडतं, त्याला गोळी घालतात. रक्ताच्या वासाने शार्क जमतात, पिल्लाचे लचके तोडतात. तेव्हा हेच खलाशी सूड घेतल्यासारखे शार्क वर ओढून कुऱ्हाडीने तोडतात. अपघात यांचा, शिक्षा शार्कना. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी इथे टीव्ही बंद केला होता.

हे प्रसंग कापून चित्रपट दाखवावा असं सुचवणारे भेटतात. मला ते पटत नाही. कापलं तर उरेल ते बेटावरच्या रिसॉर्टचं माहितीपत्रक. हात आणि डोळा एकाच माणसाचे असून किती वेगळं वागतात, हे इतकं उघडं दुसरीकडे क्वचितच सापडतं. कूस्तो पुढे समुद्र वाचवा म्हणत जगभर फिरला; इथे तो अजून शिकतोय, आणि कॅमेरा त्याच्या पुढे गेलाय.

मधली काही प्रकरणं चटकन उरकावीत अशी आहेत. लॉब्स्टरच्या नादात झटकन वर आलेला डायव्हर सांधेदुखीने कळवळतो, त्याला दाबकोठडीत कोंडतात आणि बाकीचे तेच लॉब्स्टर खातात. हा विनोद रचलेला आहे आणि रचलेला दिसतो. बुडालेलं जहाज मात्र पाहण्यासारखं. ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज १९४१ साली जर्मन विमानांनी तांबड्या समुद्रात बुडवलं. आज शर्म अल शेखला सुट्टीवर गेलेले डायव्हर त्याच्याभोवती गर्दी करतात. तेव्हा तिथे फक्त मासे होते आणि ही चार माणसं.

नावाबद्दल एक तक्रार. समुद्र निःशब्द नाही. प्रवाळाजवळ कान दिले की तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज अखंड येतो; तो नांगी फटकारणाऱ्या कोळंबीचा. पोपटमासा प्रवाळ चावतो तेव्हा बत्तासा फोडल्यासारखी कुरकुर ऐकू येते. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून वेगाने जातो, त्यामुळे आवाज कुठून आला ते कानांना कळत नाही. तो सगळीकडूनच येतो. चित्रपटाने यावर इव्ह बोद्रिएचं संगीत पसरलंय. चांगलं आहे. पण ती मोहरी ऐकवली असती तर!

शेवटाकडे जोजो येतो. सेशेल्समधलं अझम्पशन बेट, आणि तिथला हा अगडबंब ग्रूपर, म्हणजे आपल्या हेकरूच्या खानदानातला. डायव्हर पिशवीतून माशांना मांस वाटतोय आणि जोजो प्रत्येक वेळी मध्ये घुसतो. त्याचं ते जाड ओठांचं, पंगतीत पहिल्या रांगेत बसणाऱ्या काकांसारखं तोंड! डायव्हर त्याच्याशी वॉल्ट्झ नाचतो. हात पसरलेले, मासा गिरक्या घेतोय. गोड आहे, यात वाद नाही.

पण मला मालवण आठवलं. तिथे एका होडीवाल्याने माझ्या हातात पावाचा तुकडा दिला होता. “धरून ठेवा, मासे हातार येतले.” आले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे पंचवीस-तीस मासे, बोटांना टोचे मारत, माझ्या काचेवर आपटत. व्हिडिओ छान आला, नातेवाइकांना पाठवला. ते मासे माझ्यासाठी आले नव्हते हे कळायला पाव संपेपर्यंतचाच वेळ लागला.

जोजो चित्रीकरणात लुडबुड करतो म्हणून त्याला शार्कपासून बचावासाठी आणलेल्या पिंजऱ्यात कोंडतात. माणसांच्या संरक्षणासाठी केलेला पिंजरा, आत मासा. बाहेर इतर मासे निवांत खातायत. जोजो गजांना नाक लावून, डोळे फिरवत बघतोय. निवेदनात इथे थट्टा आहे, प्रेक्षागृहात हशा पिकत असणार. कॅमेरा हसत नाही. गजांच्या अलीकडे, हातभर अंतरावर, श्वासागणिक किंचित वर-खाली होत, तो त्या डोळ्याकडे पाहत राहतो.