मादाम बोव्हारी : बेइमान कोण?

गुस्ताव्ह फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ १८५६ साली पॅरिसच्या एका नियतकालिकातून क्रमशः आली आणि लगेच तिच्यावर खटला झाला. सार्वजनिक नीती आणि धर्म यांचा अवमान, हा आरोप. सरकारी वकील एर्नेस्त पिनार याने चार गोष्टींवर बोट ठेवले : एमाचे रोदॉल्फशी संबंध, दोन व्यभिचारांमधली तिची धर्मभक्ती, लेआँशी संबंध आणि तिचा मृत्यू. ७ फेब्रुवारी १८५७ ला लेखक निर्दोष सुटला. पण खटल्याने पुस्तकाभोवती आखलेले रिंगण अजून पुसले गेलेले नाही. कुणी एमाची कीव करतो, कुणी तिला दोष देतो. विश्वासघात एकच आणि तो तिचा, हे मात्र सगळे धरून चालतात.

कायदाही तसाच होता. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेप्रमाणे व्यभिचारी पत्नीला तीन महिने ते दोन वर्षे कैद. नवऱ्याने राहत्या घरात रखेल ठेवली तरच तो गुन्हा, आणि शिक्षा फक्त दंडाची. १८१६ मध्ये रद्द झालेला घटस्फोट १८८४ पर्यंत परत आला नाही. इमान ही बाईकडून वसूल करायची गोष्ट होती.

या रिंगणाबाहेर पाऊल टाकले की दुसरीच कादंबरी दिसू लागते. योनव्हिलच्या शेतकी मेळाव्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. खाली सरकारी पाहुण्याचे भाषण चालले आहे आणि वर नगरसभेच्या दालनात रोदॉल्फ एमाला प्रेमाच्या गोष्टी सांगून जाळ्यात ओढतो आहे. दोन आवाज एकमेकांत गुंफण्याच्या या युक्तीवर समीक्षक पानेच्या पाने लिहितात. त्याच मेळाव्यात कॅथरीन लरू नावाची म्हातारी मोलकरीण पुढे येते. एकाच मळ्यावर ५४ वर्षे चाकरी केल्याबद्दल तिला २५ फ्रँकचे चांदीचे पदक मिळते. वर्षाला अर्धा फ्रँकही पडत नाही. धुण्याच्या खाराने आणि लोकरीच्या तेलाने तिचे हात असे झाले आहेत की काम नसतानाही ते पुरते मिटत नाहीत. हे पदक आपण पाद्रीबुवांना देऊ, ते आपल्यासाठी प्रार्थना करतील, असे ती म्हणते. औषधविक्या ओमे तिला धर्मवेडी ठरवतो. वरच्या दालनातली फसवणूक न्यायालयाला दिसली. खालच्या मांडवातल्या या फसवणुकीला कुठल्या दंडसंहितेत कलम होते?

इपोलीतचा प्रसंग याहून भयंकर आहे. हा खाणावळीच्या तबेल्यातला नोकर. पाय जन्माचा वाकडा, पण त्याच पायावर तो दिवसभर धावपळ करतो. त्याची तक्रार नसते. गावाची कीर्ती वाढावी म्हणून ओमेला शस्त्रक्रिया हवी असते, नवऱ्याचे नाव व्हावे म्हणून एमाला. सगळे गाव त्याच्या मागे लागते आणि शेवटी तो तयार होतो, कारण खर्च काही पडणार नसतो. गरिबाला फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत पुढे कळते. पाय सडतो, मांडीपासून कापावा लागतो. शस्त्रक्रियेच्या यशाची बातमी ओमेने आधीच वर्तमानपत्रात छापून आणलेली असते.

पाय कापताना इपोलीतच्या किंकाळ्या गावभर ऐकू येतात. एमा घरात बसलेली आहे. त्या किंकाळ्यांत तिला एकच गोष्ट ऐकू येते : आपला नवरा नालायक ठरला, आणि त्याच्या नावाबरोबर आपलेही नाव बुडाले. त्याच रात्री ती पुन्हा रोदॉल्फच्या मिठीत जाते. माझ्या मते एमाची खरी बेइमानी इथे आहे, अंथरुणात नाही. ती कोंडलेली आहे, हे खरे. तिची घुसमट खोटी नाही. पण तिचे बंड स्वतःपुरते आहे. पुढे लेरो व्यापाऱ्याकडून ३०० फ्रँकचा शोभिवंत कृत्रिम पाय येतो. इतका भारी पाय रोज कसा वापरायचा म्हणून इपोलीतला दुसरा साधा पाय द्यावा लागतो! एमाच्या दफनाच्या वेळी मात्र तो नवा पाय घालून येतो. ज्याने तिला नादी लावले तो रोदॉल्फ त्या रात्री आपल्या वाड्यात शांत झोपलेला असतो.

फ्लोबेर हे सगळे पाहतो. बूर्झ्वा समाजाचा ढोंगीपणा इतक्या थंडपणे क्वचितच कुणी उघडा केला असेल. तरीही त्याच्याशी आपले भांडण आहेच. एमाच्या मनातला प्रत्येक तरंग तो टिपतो. कॅथरीनचे मात्र तो हात दाखवतो आणि चेहऱ्यावर जनावरासारखी मूकता लिहून पुढे जातो. ५४ वर्षांत या बाईने काही इच्छिले नसेल? कुणावर जीव लावला नसेल? दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला एक सवय लावली आहे : असे हात दिसले की त्या हातांचे तोंड काय बोलते ते विचारायचे. लेखक तटस्थ होता, हे त्याचे उत्तर नव्हे. कुणाच्या मनात शिरायचे आणि कुणाच्या दारातून परत फिरायचे, ही निवड तटस्थ कशी?

एमाच्या मुलीचे, बेर्तचेही असेच होते. आईबाप मेल्यावर सगळे विकून १२ फ्रँक ७५ सांतीम उरतात. ते तिला आजीकडे पोचवण्यात जातात. आजीही त्याच वर्षी मरते. एक गरीब मावशी तिला सांभाळते आणि पोटासाठी सूतगिरणीत पाठवते. गिरणीच्या दारात फ्लोबेर थांबत नाही. तो ओमेकडे वळतो, कारण ओमेला नुकतेच सरकारी सन्मानपदक मिळाले आहे.