अंक आणि सुटा मजकूर

लोकप्रिय नियतकालिकांचा दर्जा घसरला, ही तक्रार नियतकालिकांइतकीच जुनी आहे. तीत वाचकाच्या अभिरुचीला दोष दिला जातो. वाचनाच्या साधनाचा विचार क्वचितच होतो. आंतरजालावरील मजकुराच्या चर्चेत ही उणीव विशेष जाणवते.

हरि नारायण आपटे यांचे 'करमणूक' १८९० साली निघाले. नावाप्रमाणे ते रंजनासाठीच होते. परंतु 'पण लक्षात कोण घेतो?' मधील यमुनेची कहाणी याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. घटकाभर मन रमवावे म्हणून पत्र हाती घेणाऱ्या वाचकाला स्त्रीच्या दुःस्थितीसमोर आणून उभे करण्याची ही युक्ती केवळ कादंबरीकाराची नव्हती, संपादकाचीही होती. पुढे 'किर्लोस्कर'ने तीच अधिक व्यापक केली. १९२० साली कारखान्याचे वार्तापत्र म्हणून सुरू झालेल्या या मासिकात शं. वा. किर्लोस्करांनी कथा आणि व्यंगचित्रे यांच्या शेजारी सामाजिक वादांना जागा दिली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध त्यातच आले. वर्गणी संपूर्ण अंकाची असे. त्यामुळे हलक्या मजकुराच्या आधारावर जड मजकूर तगून राही, आणि तो न मागणाऱ्याच्याही हाती पडे.

आंतरजालाने मोडला आहे तो हा अंक. तेथे प्रत्येक लेख सुटा असतो आणि त्याला आपला वाचक एकट्याने मिळवावा लागतो. जाहिरातीचे उत्पन्न पुष्कळदा किती जणांनी पान उघडले यावर ठरते. मग मथळा आशय सांगण्याऐवजी तो लपवू लागतो. लेखकाची प्रतिभा आटली, असे यावरून अनुमान काढणे घाईचे होईल.

तथापि सारा दोष आंतरजालाच्या माथी मारता येणार नाही. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली, तेव्हा ते मराठी वाचकापर्यंत पोहोचलेलेच नव्हते. शिवाय संपादकाच्या निवडीत डोळसपणा होता तसा संकोचही होता. साठोत्तरी लघुनियतकालिके प्रस्थापित मासिकांविषयीच्या असंतोषातूनच उभी राहिली. ज्याला मुंबई-पुण्याच्या संपादकाचे दार उघडले नसते, असा लेखक आज वाचकापर्यंत थेट जातो. हा लाभ लहान नव्हे, आणि जुन्या मासिकांच्या आठवणीत रमणारे टीकाकार तो सहसा जमेस धरत नाहीत. जुन्या अंकांतही भरताड पुष्कळ होती. ती आज कोणी वाचत नाही, म्हणूनच तो काळ एवढा उजळ दिसतो.

का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून सुरू केलेली प्रथा मात्र टिकली आहे. आता आंतरजालावरही दिवाळी अंक निघतात, त्यांना संपादक असतो, अनुक्रमणिकाही असते. पण त्यांतील लेख वाचकांमध्ये फिरतात ते बहुधा एकेकटे, शेजारच्या लेखाची ओळख न होता.