झगा, गाऊन, मॅक्सी : शब्दांमागची वर्णव्यवस्था

गेल्या वर्षावासात पिंपरीतल्या आमच्या वस्तीच्या विहारात एक सूचना मांडली गेली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या वाचनाला बायांनी मॅक्सी घालून येऊ नये, पांढरी साडी नेसूनच यावे, अशी ती सूचना होती. मांडणारे कार्यकर्ते प्रामाणिक आहेत, चळवळीत झिजलेले आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. ज्यांना उद्देशून हे बोलले गेले त्या बायांपैकी कुणी ब्र काढला नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून चारजणी यावयाच्या थांबल्या. त्या चाकणच्या कारखान्यातली पहिली पाळी करून येत, भाकऱ्या थापत आणि तशाच वाचनाला येऊन बसत. त्यांच्या रिकाम्या जागेमुळे मला हे लिहावे लागत आहे.

प्रश्न वरवर कपड्याचा दिसतो, परंतु त्याची मुळे शब्दांत आणि शब्द घडविणाऱ्या समाजात आहेत. मराठीत सैल वस्त्रासाठी शब्दांची वाण नाही. राजाचा अंगरखा ‘पायघोळ’ असतो, सावकाराचा सदरा ‘ऐसपैस’ असतो. अंगात गरीब माणूस असला की तोच कपडा ‘ढगळ’ होतो आणि घालणारा ‘गबाळा’ ठरतो. लहान पोरीचा झगा, पाद्र्याचा झगा, न्यायाधीशाचा झगा, शब्द एकच. पण पहिल्याचे कौतुक होते, दुसऱ्याला मान मिळतो आणि तिसऱ्यापुढे माणसे उठून उभी राहतात. विशेषण कापडाला लागत नाही, ते आतल्या माणसाची पायरी पाहून लागते.

यातल्या ‘ढगळ’ या शब्दाशी आपले नाते फार जुने आहे. कापड भरपूर असल्याने जे सैल होते त्याला कुणी ढगळ म्हणत नाही. दुसऱ्याच्या मापाचे असते ते ढगळ. चांडाळाने मृतांची वस्त्रे वापरावीत, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो; सेवा करणाऱ्या शूद्राला जुनी वस्त्रे द्यावीत, हेही त्याच अध्यायात आहे. आपल्या गावगाड्यात प्रेतावरचे कापड महाराच्या वाट्याला येई आणि त्याला ‘हक्क’ असे गोंडस नाव होते. मेलेल्याचे कापड जिवंताच्या अंगाला बसणार कसे? आपल्या आज्यापणज्यांच्या अंगावरचा ढगळपणा शिंप्याच्या चुकीने आलेला नव्हता. त्यामागे शास्त्राची आज्ञा होती.

मापाप्रमाणेच नेसण्याच्या रीतीवरही पहारा होता. महारांच्या सुनेला लुगड्याचे काठ निऱ्यांखाली दडवावे लागत, कारण दिसणारा काठ हा वरच्या जातींच्या बायकांचा मान होता, हे बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये नोंदवून ठेवले आहे. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांनी दीर्घकाळ झगडून १८५९ मध्ये ऊर्ध्वांग झाकण्याची मुभा मिळविली. तीसुद्धा उच्चवर्णीय स्त्रियांच्या पद्धतीने न झाकण्याच्या अटीवर. प्रश्न लज्जेचा असता तर ही अट कशाला हवी होती? लाज झाकली तरी चालेल, जात झाकली जाता कामा नये, एवढाच त्या कायद्याचा अर्थ आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची रीत सोडा, कथलाचे गळाभर दागिने टाका, कपडे फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असे त्यांनी सांगितले. आपले कार्यकर्ते यातून ‘नीटनेटक्या साडीचा’ आदेश काढतात. मला तो तसा दिसत नाही. ज्या खुणांवरून पाहणारा आपल्याला लांबूनच अस्पृश्य म्हणून ओळखतो त्या खुणा टाका, हा त्या भाषणाचा गाभा आहे. त्या काळी वरच्या जातींसारखे नेसणे हा त्याचा मार्ग होता. मार्गालाच मुक्काम समजणे ही आपली चूक आहे.

आता मॅक्सीकडे वळू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाले, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पाठोपाठ १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगरकडची माणसे या पट्ट्यात आणून सोडली. माझी आई त्यांतलीच. ती नऊवारीवर आली, पुढे ‘गोल’ साडी नेसू लागली आणि पन्नाशीत तिने पिंपरी कॅम्पातून पहिली मॅक्सी आणली. दहा बाय बाराच्या खोलीत ओली साडी वाळत घालायला दोरी पुरत नाही. पहाटे नळाला पाणी आले की निऱ्या खोचत बसायला वेळ नसतो. मोरीला दार नसते, तेव्हा आडोशाला उभे राहून कपडे बदलायचे तर गळ्यातून घालता येणारे वस्त्रच सोयीचे पडते. अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी पुढे चेन लावलेली मॅक्सी मिळते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ती कुणाची उतरण नव्हती. आईने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पसंतीच्या फुलांची घेतली होती. तिला माप नव्हते, म्हणून ती दुसऱ्याच्या मापाचीही नव्हती.

या वस्त्राच्या नावाचीही गंमत आहे. १९७० च्या सुमारास नट्यांच्या अंगावरून मॅक्सी आली तेव्हा हा शब्द उच्चभ्रूंचा होता. आज निगडी प्राधिकरणाच्या बंगल्यात तो सहसा ऐकू येत नाही; तिथे ‘गाऊन’ म्हणतात. रस्ता ओलांडून वस्तीत आले की त्याच शिलाईची ‘मॅक्सी’ होते. वस्तीने शब्द उचलला की वरच्यांनी तो टाकून द्यावयाचा, ही भाषेतली शिवाशिव आहे.

दंडाच्या बाबतीत मात्र सगळीकडे एकमत दिसते. २०१४ मध्ये नवी मुंबईतील गोठिवली गावात महिला मंडळानेच गाऊन घालून बाहेर फिरणाऱ्या बाईला पाचशे रुपये दंडाचा फलक लावला. २०१८ मध्ये आंध्रातील टोकलपल्ली गावात सकाळी सात ते संध्याकाळी सात नायटी घातल्यास दोन हजार दंड आणि चुगली करणाऱ्याला एक हजार बक्षीस ठरले. या बारा तासांतच बाई पाणी भरते, धुणे धुते, दुकानात जाते. घरात राबताना जे वस्त्र चालते ते उंबऱ्याबाहेर चालत नाही, म्हणजे आक्षेप वस्त्रावर नसून तिच्या उंबऱ्याबाहेर येण्यावर आहे.

आपल्या साहित्याने याची दखल घेतली आहे काय? दलित आत्मकथनांनी आणि कवितेने आईचे दंड घातलेले लुगडे अजरामर केले, आणि ते योग्यच झाले. परंतु लुगड्यातली आई शहरात आली, तिने मॅक्सी घातली, वर टॉवेल घेऊन ती रेशनच्या रांगेत उभी राहिली, की आपली लेखणी अडखळते. ठिगळात आपल्याला वेदना दिसते, मॅक्सीत नुसता गबाळेपणा. म्हणजे सौंदर्यदृष्टीपुरते आपण अजून प्राधिकरणातच राहतो. मॅक्सी हे मुक्तीचे निशाण आहे, असा माझा दावा नाही. खांद्यावरचा तो टॉवेलच सांगतो की धाक संपलेला नाही. पण जे वस्त्र पाहून नेसणारीची जात सांगता येत नाही, ते महाडच्या भाषणाच्या विरोधात कसे जाईल, याचे उत्तर समीक्षेने दिले पाहिजे.

आमच्या विहाराच्या भिंतीवर बाबासाहेबांचे एक छायाचित्र आहे. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली त्या वेळचे. अंगात पायघोळ गाऊन आहे, आणि त्याला आपण रोज हात जोडतो. त्याच्याखाली बसून मॅक्सीतल्या बाईला बाहेर ठेवावयाचे, हे मला पटत नाही. पुढच्या बैठकीत मी ती सूचना मागे घ्यावी असे मांडणार आहे. आणि त्या चारजणींकडे निरोप घेऊन कार्यकर्त्यांनी स्वतः जावे, हेही.