तलावाचा काठ कोणाचा? : ‘आज भी खरे हैं तालाब’चे पुनर्वाचन

काही पुस्तकांची स्तुती इतकी होते की त्यांची समीक्षा करावयाची राहून जाते. अनुपम मिश्र यांचे ‘आज भी खरे हैं तालाब’ हे हिंदी पुस्तक त्यांपैकी एक होय. दिल्लीच्या गांधी शांति प्रतिष्ठानाने ते १९९३ साली प्रसिद्ध केले. लेखकाने त्यावर स्वामित्वहक्क ठेवला नाही. ज्याला छापावेसे वाटेल त्याने ते छापावे, अशी मोकळीक दिली. त्यामुळे अनेक भाषांत त्याची रूपांतरे झाली, आणि ते वाचून ठिकठिकाणी लोकांनी बुजत चाललेले तलाव उपसले. पुस्तकाने वाचकाच्या हाती कुदळ द्यावी, याहून मोठे यश ते कोणते? तरीही वाङ्मय म्हणून त्याचे गुण कोणते आणि विचार म्हणून त्यात उणे काय, हे पाहिलेच पाहिजे. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून हिंदी व मराठी या दोन्ही भाषांत वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ते अवश्य करावे, असे आम्हांस वाटते.

मिश्रजींचा जन्म १९४८ साली वर्ध्यास झाला. कवी भवानीप्रसाद मिश्र हे त्यांचे वडील. बोलीतला शब्द जसाच्या तसा उचलून त्यास साहित्यात मानाने बसविण्याची रीत त्यांस घरातूनच लाभली असावी. पुस्तकाचा आरंभ एका लोककथेने होतो. जबलपूरजवळच्या पाटण भागातील चार भावांना परीस सापडतो. ते तो राजाकडे नेतात, आणि राजा तो परत देऊन त्यांस तलाव बांधावयास सांगतो. लेखक लगेच त्या भागात त्या भावांच्या नावाने आजही ओळखल्या जाणाऱ्या चार मोठ्या तलावांकडे बोट दाखवितो. कथा आणि भूगोल यांची अशी सांगड घातल्याने पुढील विवेचन कोरडे होत नाही.

‘सहस्रनाम’ या प्रकरणात तलावांच्या नावांचीच मालिका आहे. ती वाचताना मराठी वाचकास आपली तळे, तळी, टाके, कुंड, बारव ही नावे आठवल्यावाचून राहत नाहीत. राजस्थानात पाणी जेथून वाहून येते त्या भूमीस ‘आगौर’ आणि जेथे साठते त्या जागेस ‘आगर’ म्हणतात. आपणही विद्येचे आगर म्हणतो, तो अर्थ येथे पाण्यास लागला आहे. बांधास ‘पाल’ आणि सांडव्यास ‘नेष्टा’ म्हणतात. मिश्रजींनी या शब्दांचा कोश दिलेला नाही. तलाव बांधण्याचे काम पायापासून माथ्यापर्यंत सांगत असता हे शब्द आपापल्या ठिकाणी येतात आणि त्यांचा अर्थ कामातूनच उलगडतो. नेष्ट्याचे विवेचन आम्हांस विशेष मोलाचे वाटते. आलेले सर्व पाणी अडविण्याचा हव्यास धरला तर पाल फुटते. जादा पाण्याला सन्मानाने पुढे जाऊ देणे हा तलावविद्येचा अर्धा भाग आहे. सरकारी अहवालांत ही गोष्ट घनमीटरच्या आकड्यात लपून जाते.

माळव्यातील वाचकास हे पुस्तक आणखी एका कारणाने बोचते. पावलापावलावर भाकरी आणि पाणी मिळते, अशी या भूमीची ख्याती होती. त्याच माळव्यातील देवासला १९९० साली इंदूरहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मिश्रजींनी ही हकीगत दिली आहे. शहरातले तलाव बुजवून त्यांवर इमारती उठल्या, आणि पुढे नलिकाकूपही आटले. याचे कारण भूमीच्या रचनेत आहे. काळ्या मातीखाली बेसाल्टचा कातळ आहे. त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांतच काय ते पाणी राहते. ही साठवण थोडी, आणि भरण्यास पावसाळाच हवा. खोल नलिकाकूप घेतल्याने साठा वाढत नाही, फक्त उपसा वाढतो. उथळ तलाव हे या भूमीचे खरे उत्तर होते, ही गोष्ट मिश्रजींनी शास्त्राचे अवडंबर न करता पटवून दिली.

आता उण्याकडे वळू. पुस्तकाचा खरा नायक ‘समाज’ आहे. तलाव खणणाऱ्या, गाळ काढणाऱ्या, जमिनीची नस ओळखणाऱ्या अनेक जातीजमातींची नावे लेखकाने आदराने नोंदविली आहेत, आणि विस्मृतीत गेलेल्या हातांना त्यांचा मान परत दिला आहे, हे निःसंशय. परंतु ज्यांनी तलाव खणला त्यांस त्याच्या घाटावर घागर भरता येत होती काय, हा प्रश्न पुस्तकाच्या केंद्रस्थानी येत नाही. ‘समाज’ हा शब्द इतका एकजीव होऊन येतो की त्याच्या आतल्या भिंती दिसेनाशा होतात.

हा आक्षेप बाहेरून आणून लादलेला नाही. तो तलावाच्याच इतिहासात आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला, महाडच्या नगरपालिकेनेही पुढील वर्षी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला; तरी ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल यावयास १९३७ साल उजाडले. बाबासाहेबांचा जन्म आपल्या इंदूरजवळच्या महूचा. तळे तेथे होते, पाणीही होते. नव्हता तो काठावर उतरण्याचा हक्क. जुन्या जलव्यवस्थेचे गुणगान करताना ही बाजू गाळली तर चित्र सुंदर दिसते, पण पुरे होत नाही.

वाङ्मयीन उणीव म्हणून हे सोडून देता आले असते. परंतु तलावाचा हाच एकजीव ‘समाज’ पुढे योजनांच्या कागदांत ‘लोकसहभाग’ या नावाने आला, म्हणून ही बाब गंभीर होते. मध्य प्रदेशात १९९४ साली राजीव गांधी पाणलोट मिशन सुरू झाले. माथ्यापासून पायथ्याकडे काम करावे, डोंगरावर समपातळी चर खणावेत, नाल्यांत दगडी बांध घालावेत, खाली तलाव करावेत, ही त्याची शास्त्रीय बैठक अचूक होती, आणि झाबुआसारख्या उजाड जिल्ह्यात त्याचे परिणामही दिसले. शासकीय सेवेत असताना अशा कामांचे कागद आमच्या टेबलावरून पुष्कळ गेले. त्यांत चरांची लांबी, बांधांची संख्या, मजुरीचा खर्च यांसाठी रकाने होते. वाढलेले पाणी कोणाच्या विहिरीत उतरले, यासाठी रकाना नव्हता.

पाण्याचा उतार आणि लाभाचा उतार सहसा एकच असतो. माथ्यावरच्या पडीक रानात चराई बंद होते. तेथे शेळ्या चारणारे बहुधा भूमिहीन असतात. पाणी मुरते आणि खाली, विहीर व पंप असलेल्याच्या शेतात प्रकट होते. त्याग वरच्याचा, पीक खालच्याचे. आमच्या पाहण्यातील एका गावी ग्रामसभेत एका वृद्ध गुराख्याने विचारले होते, “साहेब, गवत वाढेपर्यंत माझ्या शेळ्यांनी काय खावे?” त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हते.

देवास जिल्ह्यात २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने भगीरथ कृषक अभियान झाले. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा एक भाग तलावासाठी दिला, हजारो शेततलाव झाले, रब्बीची पिके परतली. ज्या देवासने मिश्रजींच्या पुस्तकात पराभवाचे उदाहरण म्हणून जागा मिळविली, तेथेच हे घडले, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र हे तलाव खासगी आहेत. ज्यास जमीन आहे त्याचाच तलाव. ज्यास नाही, त्यास मजुरीचे दिवस वाढले तेवढाच लाभ. ‘खरे’ तलाव परतले, पण पुस्तकातला गावाचा तलाव परतला असे म्हणता येत नाही.

उलट दिशेची उदाहरणेही आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग मांडला. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचा, भूमिहीनालाही वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, ऊस घ्यावयाचा नाही, खर्चाचा एक हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावयाचा. भूमिहीनांचा वाटा सर्वत्र प्रत्यक्षात उतरला असे नाही. तथापि हक्काचा प्रश्न प्रथम मांडून नंतर कुदळ उचलण्याचा हा क्रम मोलाचा आहे. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी व वृक्षतोडबंदीबरोबर सिंचनासाठी कूपनलिकांवरही बंधन घातले, आणि पडलेला पाऊस मोजून त्या वर्षीची पिके ठरविण्याचा परिपाठ ठेवला. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाची कीर्ती सर्वत्र झाली. यशाचे रहस्य मात्र त्या गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांत आहे.

मिश्रजींनाही या प्रश्नाची जाणीव नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. राजस्थानातील लापोडिया गावावर त्यांनी पुढे ‘गोचर का प्रसाद बांटता लापोड़िया’ ही पुस्तिका लिहिली. तेथे गायरानात वीतभर खोलीचे चौकोनी खळगे, म्हणजे ‘चौका’, खणून पावसाचे पाणी थोडा वेळ थोपविले जाते. गवत परतते आणि उरलेले पाणी पुढच्या चौक्यात सरकते. गायरान सर्वांचे, म्हणून गवतही सर्वांचे. ज्याच्यापाशी जमीन नाही, पण एखादी गाय वा शेळी आहे, त्याच्यापर्यंत पावसाचा लाभ येथे पोचतो. तलावावरील पुस्तकात जो धागा सैल राहिला होता, तो या पुस्तिकेत त्यांच्या हाती लागला, असे आमचे मत आहे.

मिश्रजी डिसेंबर २०१६ मध्ये निवर्तले. त्यांच्या पुस्तकाचे मोल या आक्षेपाने कमी होत नाही. ओसाड शेतजमीन पुन्हा जिवंत करावयाची तर पाण्याची भाषा प्रथम शिकावी लागते, आणि ती भाषा याहून गोड, याहून नेमकी शिकविणारे दुसरे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. फक्त ते वाचताना प्रत्येक तलावापाशी आणखी एक गोष्ट विचारावी: या पालीवर कोणाची पावले उमटली आणि कोणाची अडविली गेली? नव्या तलावाचे आराखडे करणाऱ्यांनी तर हा प्रश्न आगौर मोजण्यापूर्वीच विचारावा. काठ सर्वांचा झाला, तरच गाळ काढावयास पुढच्या पिढीत कोणी येईल.