बारावीची चित्रकला : नजर कुणाची?

माझी नात केंद्रीय मंडळाच्या शाळेत बारावीला आहे. तिने चित्रकला हा विषय घेतला आहे. शंभरपैकी सत्तर गुण प्रात्यक्षिकाचे, तीस गुण लेखी पेपरचे. लेखी पेपरसाठी भारतीय कलेचा इतिहास आहे. राजस्थानी, पहाडी, मोगल आणि दख्खनी लघुचित्रे, मग बंगाल शैली आणि शेवटी आधुनिक प्रवाह. एके संध्याकाळी तिने अमृता शेरगिलचे १९४० सालचे 'हळद दळणाऱ्या स्त्रिया' हे चित्र माझ्यापुढे धरले आणि विचारले, "आजोबा, या बाया कुणाच्या घरची हळद दळतायत?"

मी चित्रकला शिक्षक म्हणून तीस वर्षे खडू हातात धरला. हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. पेपरात तो येतही नाही. पेपर विचारतो चित्राचे शीर्षक, चित्रकाराचे नाव, माध्यम, रचना, रंगसंगती. दळणारीचे नाव, तिची मजुरी, तिचे गाव यांना गुण नाहीत. या एका प्रश्नामुळे मी तो अभ्यासक्रम पुन्हा वाचायला घेतला. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

आधी माझे सांगतो. सत्तरच्या दशकात मी मराठवाड्यातल्या एका शाळेतून इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलो. स्थिरचित्राच्या सरावाला टेबलावर पितळेचा तांब्या असायचा. त्याचा काठ, त्याच्या पोटावरची चकाकी, खाली पडलेली सावली मला आजही डोळे मिटून काढता येईल. त्याच तांब्यातून पाणी मात्र मला वरून ओंजळीत मिळायचे. तांब्या मी नजरेने ओळखत होतो, हाताने नाही.

स्मरणचित्राच्या सरावाला एकदा 'विहिरीवरील दृश्य' हा विषय आला. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेले आठवून काढायचे. मी पाहिलेले काढले. मधोमध विहीर, तिच्याभोवती मोकळी जागा आणि कागदाच्या उजव्या कडेला रिकामे हंडे घेऊन दाटीने उभ्या आमच्या बाया. कुणीतरी येऊन पाणी वाढील म्हणून ताटकळत उभ्या. गुरुजी म्हणाले, "रचना चुकली. माणसं सगळी एका कोपऱ्यात कोंबलीस, मधली जागा वाया घालवलीस." मी चित्र खोडले. परीक्षेत विहिरीभोवती बाया समान अंतरावर उभ्या करायच्या हे शिकलो. मला ब श्रेणी मिळाली.

गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी मला रंगाच्या वड्या स्वतःच्या पैशाने आणून दिल्या होत्या. पण समतोल रचनेचा जो नियम त्यांनी मला शिकवला, त्यात गावाची खरी रचना बसत नव्हती. ती मधली जागा वाया गेलेली नव्हती. ती राखलेली होती. १९२७ साली महाडला बाबासाहेब ज्या पाण्याकडे चालत गेले, ते याच मोकळ्या जागेतून. सौंदर्याचा नियम समाजापासून अलग असतो असे सांगणाऱ्यांना मी हे चित्र दाखवले असते. पण ते मी खोडून बसलो आहे.

आता आजच्या अभ्यासक्रमाकडे येऊ. त्यात श्रम नाही असे कुणी म्हणू नये. देवीप्रसाद रायचौधुरींचे 'श्रमाचा विजय' हे शिल्प त्यात आहे. १९५९ सालापासून ते चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर उभे आहे. चार मजूर प्रचंड खडक हलवताहेत. रामकिंकर बैज यांचे १९३८ सालचे 'संथाळ कुटुंब' आहे. सोमनाथ होर यांची मुले आहेत. या कलावंतांची सहानुभूती खोटी होती असे मी म्हणणार नाही. रामकिंकरांनी संथाळांना संगमरवरात नव्हे, सिमेंट आणि खड्यांत उभे केले. माणसाला शोभेल असे द्रव्य त्यांनी निवडले. पण या सगळ्या कृतींत श्रमिक हा विषय आहे. पाहणारा डोळा दुसऱ्याचा आहे.

श्रमिकांचा स्वतःचा डोळा कुठे आहे? तो पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहे. प्रकरणाचे नाव 'जिवंत कलापरंपरा'. मिथिला, वारली, गोंड, पिठोरा, ढोकरा ओतकाम, मातीकाम. आधीची आधुनिक कला व्यक्तींच्या नावाने मांडली आहे, ही मात्र जातीजमातींच्या नावाने. आणि लेखी पेपरच्या तीन घटकांत या प्रकरणाला घटकाचा मान नाही. म्हणजे वाचायचे, पण लिहायचे नाही. ज्यांच्या परंपरेला जिवंत म्हटले, त्यांना परीक्षेत गैरहजर ठेवले.

मिथिलेतल्या दुलारी देवी मल्लाह समाजातल्या. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करता करता त्या चित्र शिकल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या महाराष्ट्रातल्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली मिळाली. यांना परंपरा म्हणायचे की चित्रकार? नागपूरचे सवी सावरकर झाडू आणि मडके घेतलेला माणूस रंगवतात. नेमून दिलेल्या चित्रांच्या यादीत तो माणूस नाही.

अकरावीत अजिंठा आहे. आपल्यासाठी अजिंठा म्हणजे केवळ रेषेचे लालित्य नव्हे, हे वाचकांना सांगायला नको. सोळाव्या लेण्याचा दाता, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव, शिलालेखामुळे आपल्याला नावाने माहीत आहे. ज्या हातांनी तिथे रंग भरला ती नावे कोरली गेली नाहीत. दात्याचे नाव राहते, कारागिराचे जाते, ही रीत जुनी आहे. अभ्यासक्रमाने निदान ती रीत मुलांना उघड करून सांगावी.

पण सगळा दोष मंडळाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. आपण कवितेची समीक्षा उभी केली, आत्मकथनांवर ग्रंथ लिहिले. चित्रावर किती लिहिले? वस्तीच्या भिंतीवर निळ्या कोटातले बाबासाहेब रंगवणारा पेंटर आपल्याला नावाने ठाऊक नसतो. वर उचललेले बोट, काखेतले संविधान, छातीवरचा पेन. या रचनेचा अर्थ खेड्यातले पोर ओळखते, पण आपल्यापैकी कुणी तो मांडून लिहिला आहे का? आपणही आपल्या कारागिराला वराहदेवाच्या रांगेतूनच पाहिले.

माझी मागणी रविवर्म्याला काढा अशी नाही. मागणी साधी आहे. जिवंत परंपरांना पेपरात जागा द्या आणि चित्रकारांना नावाने शिकवा. दलित चित्रकारांची चित्रे यादीत घ्या. आणि रसग्रहणाच्या प्रश्नात आणखी एक ओळ घाला : या चित्रात कोण काम करतो आहे, आणि कुणासाठी?

नातीला प्रात्यक्षिकाच्या संग्रहासाठी एक रचनाचित्र करायचे आहे. तिने मला विषय विचारला. मी तिला विहिरीचे सांगितले. मधली जागा मोकळी सोड म्हणालो, आणि का सोडलीस असे विचारले तर उत्तर तयार ठेव.